दुसऱ्याची पाळी

सूर्यभान गुरुजींनी पडद्यावरच्या गड्याला मुद्दाम खड्ड्यात घातलं.

"गेला बघा," ते म्हणाले. "घ्या, तुमची पाळी."

दत्तरावांनी रिमोट हातात घेतला. एकाचा गडी मेल्याशिवाय दुसऱ्याची पाळी येत नाही, हा त्या जुन्या टीव्ही गेमचा कायदाच. खड्ड्यावरून उडी, पुढं हलत्या फळ्या, आणि एकदा पुढं सरकलं की मागं फिरणं नाही. लेक सिद्धोधन शाळेत असताना घेतलेला हा गेम पत्नीच्या माघारी गुरुजींना माळ्यावर सापडला होता. चार वाजता टीव्हीतलं टीं-टीं सुरू झालं, की घर खायला उठायचं थांबायचं.

दत्तराव भेटले वर्षापूर्वी, बँकेत, हयातीच्या दाखल्याच्या रांगेत. "घरी कोण कोण?" गुरुजींनी विचारलं होतं. "या वयात कोण असतंय जवळ," असं म्हणून दत्तरावांनी विषय बदलला. गुरुजी काय ते समजले. तेव्हापासून रोज चारला त्यांना बोलवायचं, चहा-चिवडा पुढं करायचा, आणि आपला गडी जरा पुढं गेला की मारून टाकायचा. बिचाऱ्याला खेळायला मिळू दे.

दत्तराव मात्र दुसऱ्याच उडीला मरायचे. एकदा मात्र गुरुजी चहा गाळून आले, तर गडी पार शेवटच्या दारापाशी उभा. "चुकून गेला हो," म्हणत दत्तरावांनी त्याला तिथंच पडू दिलं.

त्या रविवारी दुपारी पुण्याहून सिद्धोधनचा फोन आला.

"बाबा, आज फ्लॅटचं बुकिंग करायलोय. तुमची खोली धरू का न्हाई? आता शेवटचं इचारायलोय."

लेकाकडं जायची ओढ गुरुजींना लय होती. एकट्यानं जेवताना घास तोंडात फिरायचा.

"न्हाई रे," ते म्हणाले. "मी गेलो तर दत्तराव एकटे पडतेत."

"बरं. मग लहानच घेतो."

फोन ठेवल्यावर गुरुजींना वाईट वाटलं, आणि बरंही वाटलं. आपली कुणाला तरी गरज आहे, हे फार दिवसांनी जाणवलं होतं. ही बातमी चारपर्यंत पोटात राहीना. दत्तरावांनी घर कधी दाखवलं नव्हतं. विचारत विचारत गुरुजी नव्या मोंढ्याच्या बाजारामागच्या गल्लीत पोचले.

दारात चपलांचा ढीग होता. आतून लेकरांचा गलका, कुकरची शिट्टी आणि बायकांचं हसणं ऐकू येत होतं. आपण घर चुकलो, असं गुरुजींना वाटलं. तरी ओट्यावर भाजी निवडत बसलेल्या बाईला त्यांनी विचारलं, "दत्तराव इथंच राहतेत का?"

"व्हय काका, माझे सासरेच ते. आत्ताच निघाले बघा," ती म्हणाली. "लेकी, जावई, समदे आलेत, आज तरी थांबा म्हणलं, तर ऐकत न्हाईत. रोज चारला कुण्या एका गुरुजीकडं जातेत. म्हणतेत, मी न्हाई गेलो तर त्या माणसाचं दिवसभर कुणाशी बोलणंच व्हत न्हाई."