'ढेकूळ'चा चाहता

"तात्या, आमचं गाणं तुमी रोज का लावता?"

निकितानं एका दमात विचारून टाकलं. बांधापलीकडं सोनल आणि प्रतिक्षा सायकली धरून, तोंड दाबून उभ्या. विचारलं नाहीस तर दहावी संपेस्तोवर तुला फुसकी म्हणू, अशी पैजच लागली होती.

भिमातात्यांनी हातातलं खुरपं बाजूला ठेवलं.

गाणं 'ढेकूळ'चं होतं. अंथुर्ण्यातला पहिला हार्ड रॉक बँड, आणि बहुतेक शेवटचाही. सुयोग ड्रमवर, अविराज बेसवर आणि गिटार घेऊन घसा फाडायला निकिता. गणपतीत वालचंदनगरच्या कॉलनीत पोरं खुर्च्यांवर चढून नाचली. त्याच आठवड्यात सुयोगच्या क्वार्टरमध्ये एक गाणं रेकॉर्ड झालं, मोबाईलवरून गावोगाव गेलं. दिवाळीनंतर सुयोगचं बिऱ्हाड नाशिकला हललं, अविराज क्लाससाठी लातूरला गेला. खेळ खलास. ग्रुपवर आता एकटी निकिता बोलायची आणि निळ्या खुणा बघत बसायची.

रविवारी गिटार बारामतीला मामाच्या पोराला द्यायची, असं तिच्या वडलांनी, आप्पांनी, ठरवलं होतं. "राजीखुशीनं हे ऐकणारा एक माणूस दाव," ते म्हणाले होते, "मग ठेव."

आणि सणसरच्या वाटेवर तो माणूस सापडला होता. संक्रांतीपासून शाळेला जाता-येता ज्वारीच्या रानातून तिचाच आवाज यायचा, खांबावरच्या भोंग्यातून, पार कालव्यापर्यंत.

तात्यांनी तिला राखणीच्या माळ्याच्या सावलीत बसवलं, तांब्याभर पाणी दिलं. माळ्याच्या खांबाला गोफण लटकत होती, धूळ खात. कारभारीण गेल्यापासून रानात एकटाच असतो, म्हणाले.

"खांदा निकामी झाला, तवापास्नं ह्याच आवाजाचा आधार हाय. त्यातली वराडणारी तूच व्हय?"

"व्हय."

"लई उपकार झालं बघ पोरी तुजं."

 असं तर कॉलनीतही कुणी म्हटलं नव्हतं.

"दुसरं हाय का एखादं?" तात्यांनी जरा संकोचून विचारलं.

"कंटाळला का ह्याला?"

"मी न्हाय गं." तात्या गुडघ्यावर हात देऊन उठले. "चल, दावतो."

ती त्यांच्या मागोमाग ज्वारीत शिरली.

घरी आली तेव्हा आई ताटं वाढत होती. निकितानं खुंटीवरची गिटार काढली आणि मांडीवर घेऊन बसली.

"सापडला का माणूस?" आप्पांनी विचारलं.

"माणूस न्हाय सापडला. पण गिटार मी देणार न्हाय, आप्पा. नवीन गाणं बसवणार हाय. जुन्याला तात्यांच्या ज्वारीवरची पाखरं भ्यायची बंद झाल्यात. कणसांवर बसून निवांत ऐकत्यात."