अस्वलिणीचा निरोप

“ताई, पुन्हा ‘ये’ म्हणालात! ओठ जुळत नाहीत,” काचेपलीकडून रेकॉर्डिस्ट कुरकुरला.

पडद्यावर कोरियन कार्टूनमधली अस्वलीण फुटत्या बर्फावर उभी होती. पिल्लाला काठावर ढकलून तिला एवढंच म्हणायचं होतं, “जा बाळा!” तिचा मराठी आवाज वृंदाचा. पण ‘जा’ काही तोंडातून निघेना. निघालेल्या माणसाला ‘जा’ म्हणू नये, ‘ये’ म्हणावं, हे तिच्या हाडीमासी खिळलेलं.

आणि आज सकाळी नेमकं तेच मोडलं होतं. लेक हॉस्टेलला निघाली होती.

“स्टँडपर्यंतही येणार नाहीस ना? तुझं डबिंगच मोठं! जाते मी.”

“जा!” वृंदा फटकन बोलून गेली. तेव्हापासून जिवाला चैन नव्हतं.

तिने हेडफोन काढला, बाहेर येऊन फोन लावला. पलीकडे एसटी स्टँडचा गोंगाट.

“काय गं?”

“काही नाही. ये हं.”

गोंगाटातून नाक ओढल्याचा आवाज.

“येते, आई.”

वृंदा माइकसमोर परतली. अस्वलिणीने पिल्लाला काठावर ढकललं.

“जा बाळा!”

दोघींचे ओठ अचूक जुळले.