जुना एक्स-रे

"फुफ्फुसात हरभऱ्याएवढी गाठ आहे," लातूरचे डॉक्टर म्हणाले. "गेल्या वर्षीच्या एक्स-रेतही एवढीच असेल, तर फारसं भ्यायचं कारण नाही. नवी असेल तर मात्र बघावं लागेल."

महादेवप्पांच्या बायकोनं, रत्नम्मानं, लगबगीनं पिशवीतून जुना एक्स-रे काढला. डॉक्टरांनी तो उजेडावर धरला. गाठीच्या नेमक्या जागी पांढरंफेक काहीतरी आडवं आलं होतं.

"हे काय?"

"इष्टलिंगाची डबी. चांदीची," महादेवप्पा म्हणाले.

गेल्या वर्षी एक्स-रेवाल्यानं डबी काढायला सांगितली, तर तेच कडाडले होते, "जीव गेला तरी गळ्यातलं लिंग उतरत न्हाई. तसाच काढा फोटो." आज स्कॅनच्या वेळी मात्र त्यांनी ते निमूट उतरवून रत्नम्माच्या हाती दिलं होतं.

"मग सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाले. "तीन महिन्यांनी पुन्हा स्कॅन करू. वाढली तर कळेलच."

बाहेर आल्यावर रत्नम्मानं मूठ उघडली. "अवो, घाला की गळ्यात."

महादेवप्पा सदऱ्याच्या गुंड्या लावत राहिले.

"ऱ्हाऊ दे तुझ्यापाशीच. पुढच्या खेपेला मधी यायला नगं."