अंगाऱ्याचा आलेख

विनीतने टेबलावर सात पुड्या ओळीने मांडल्या. प्रत्येकीवर वार लिहिलेला.

"अंगारा?" प्राचीने विचारलं. डोंबिवली एमआयडीसीतल्या तिच्या प्रयोगशाळेत रोज औषधांची पावडर यायची. अंगारा घेऊन येणारा हा मावसभाऊच पहिला.

"आई गोळ्या घेतच नाही गं. गेल्या महिन्यात चुकून मधुमेहाच्या, साखर उतरवायच्या दोन घेतल्या आणि मोरीत चक्कर येऊन पडली. तेव्हापासून गोळी म्हणजे विष. बाबा मठातून अंगाऱ्याचा डबा आणतात. त्यातला चमचाभर ती रोज पाण्यातून घेते. या पुड्या त्याच डब्यातल्या, रोजची एक."

"आणि रक्तातली साखर?"

"एक दिवस बरी, एक दिवस वर. म्हणून तर आलो. सातही पुड्यांत काय आहे, किती आहे, कागदावर दे. आणि तुझ्या आईला सांगू नकोस. तिच्या पोटात काही राहत नाही."

ते खरंच होतं. नंदामावशी आणि प्राचीची आई रोज तासभर फोनवर असत. मावशीकडे मोहन्यात भाजी करपली की आईला खोपटला वास यायचा.

प्राचीने पुड्या एकेक करून यंत्रात घातल्या. क्ष-किरणं पावडरीवरून परततात आणि पडद्यावर टोकदार शिखरं उमटतात. हिशेब सोपा. तळाची खरखर वजा करायची, सगळ्यात उंच शिखराला शंभर द्यायचे आणि बाकीच्यांना त्याच्या मानाने. वर्गात पहिला येईल त्याला पैकीच्या पैकी, तसं.

सोमवारच्या पुडीत शंभर गुण गारगोटीला मिळाले. राखेत वाळू असायचीच. पण दुसरं शिखर आलं चौसष्टावर, आणि ते राखेचं नव्हतं.

प्राची खुर्चीत पुढे सरकली. बाजूची लहान शिखरंही तिने तपासली. एकोणीस, अकरा, आठ. ही शिखरं तिच्या चांगल्याच ओळखीची. आठवड्यातून दोनदा ती हीच पावडर तपासायची. साखरेची गोळी.

मंगळवार एकावन्न. गुरुवार अठ्ठ्याऐंशी. शनिवार जेमतेम बावीस. म्हणजे कोणीतरी गोळ्या कुटून हाताने डब्यात कालवत होतं.

उत्तमकाका, दुसरं कोण? डबा तेच आणायचे. देवभोळा, साधा माणूस, आणि बायकोच्या पोटात औषध जावं म्हणून चक्क देवाला फसवत होता. प्राचीला हसू आलं आणि डोळेही भरून आले.

मग तिला विनीत आठवला. हा कागद तो मावशीसमोर धरणार. बघ, अंगाऱ्यात भेसळ आहे. त्या दिवसापासून अंगारा बंद, म्हणजे गोळीही बंद.

अहवालातून आकडे गाळण्याचा खोटेपणा तिने नोकरीत कधी केला नव्हता. तिने सगळे आकडे पुन्हा एकदा ताडून पाहिले. शेवटी चौसष्ट, एकोणीस, अकरा, आठ या ओळी तिने खोडल्या. बाकीच्या सहा पुड्यांतूनही. रविवारी मोहन्याला जाऊन काकांना बाजूला घ्यायचं आणि नीट कालवा एवढंच सांगायचं, असं ठरवून तिने कागद छापला.

संध्याकाळी विनीत आला. त्याने कागद उभ्याउभ्याच वाचला, मग परत वाचला.

"नुसती राख?"

"नुसती राख."

"सातही पुड्यांत?"

"सातही. मठातल्यांवर उगाच संशय घेऊ नकोस."

तो हसेल किंवा चिडेल, असं तिला वाटलं होतं. तो स्टुलावर बसला आणि कागदाची घडी घालू लागला.

"तळाशीच बसत असणार सगळं," तो म्हणाला. "एवढं बारीक कुटून पण पुडीत येतच नाही. चल, उद्या डब्यात दुप्पट गोळ्या घालतो."