दोघांचं एकमत

हात मोजायची वेळ आली तसे वसंत वकील आणि नियाज दोघेही उठून बाहेर आले. पक्षाची रीतच तशी. ज्याचं नाव चर्चेत, तो सभेत बसत नाही. अकोल्याच्या कामगार भवनाच्या पायरीवर दोघं शेजारी बसले. मध्ये चहाचे दोन ग्लास मावतील एवढीच जागा.

पक्षाच्या सचिवपदासाठी सध्याचे सचिव भगवंतराव यांच्याविरुद्ध डाव्या गटाला आज मुदतीच्या आत एकच नाव द्यायचं होतं. डाव्या पक्षात आणखी डावा गट कशाला, असं कुणी विचारू नये. कापूस खरेदी केंद्रं एकामागून एक बंद पडत होती आणि भगवंतराव नुसती निवेदनं देत होते. त्यांना हलवायचं, यावर गटात दुमत नव्हतं. कुणी हलवायचं, यावर होतं. अमरावतीचे वसंत म्हणत, अकोल्याचे नियाज.

वसंतने नियाजकडे तिरकं पाहिलं. बाळापूरचा सतरंजीवाला. मागच्या रास्ता रोकोत हा जेलात गेला आणि वसंतने अमरावतीहून धावत येऊन त्याचा जामीन करवला. लोकांना जेल आठवे, जामीन कुणालाच आठवत नसे. वसंत बोलायला उभा राहिला की लोक माना डोलवत. नियाज उभा राहिला की विड्या विझवत. हे वसंतला सलायचं. जेवतानासुद्धा सलायचं.

म्हणून कालच त्याने आपल्या अमरावतीच्या माणसांना बजावलं होतं, "बरोबरी झाली तर वलगावच्या सूर्यभानजींसाठी हात वर करा. कोणीही चालेल, नियाज नको." सूर्यभानजी म्हणजे मोर्चात पुढे झेंडा धरणारे म्हातारे. उभ्या जन्मात त्यांनी कुणाला विरोध केला नव्हता. भगवंतरावांना तर नाहीच.

"वकीलसाहेब, चहा थंडा होऊन राहिला," नियाज म्हणाला.

तेवढ्यात आत टाळ्या कडाडल्या. अर्ध्या नव्हे, सगळ्या सभेच्या. वसंतने चटकन दाराकडे पाहिलं. म्हणजे माझीही माणसं फिरली! नियाज त्याच्याकडे डोळे फाडून बघत होता. आनंद लपवतोय लेकाचा, वसंतला वाटलं.

बऱ्याच वेळाने सभेच्या अध्यक्ष, चांदूर रेल्वेच्या ललिताताई, दारात आल्या.

"पयल्यांदा बरोबरी झाली. मंग दुसऱ्या फेरीत सारे हात सूर्यभानजीले! अमरावतीचे बी, अकोल्याचे बी. मुदत संपून राहिली होती, म्हून तेच नाव देऊन टाकलं. तुमी दोघायनं का सांगून ठेवलं होतं हो आपापल्या मानसायले?"

वसंत नियाजकडे बघत राहिला. नियाज वसंतकडे. म्हणजे यानेही तेच बजावलं होतं!

ललिताताईंच्या मागून सूर्यभानजी आले. खांद्यावर झेंडा, चेहरा घाबराघुबरा.

"मले काहून अडकवता बाप्पा? मी तं नेहमी भगवंतरावलेच मत देतो. आताच त्यायले आतल्या हापिसात भेटून आलो. नाव मागं घेतलं म्या."

ललिताताईंनी घड्याळात पाहिलं. मुदत तर सरली होती. भगवंतराव बिनविरोध. पुढच्या अधिवेशनापर्यंत पुन्हा निवेदनं.

वसंतने नियाजचा चेहरा नीट निरखला, नियाजने वसंतचा. मग दोघांनी आपापला ग्लास उचलला. चहाचं पार पाणी झालं होतं. पण दुसराही सचिव झाला नाही, एवढ्यावर तो चहा दोघांनाही गोड लागला.