आधीचंच बरं होतं

"यापुढची आखणी तरुणांनी करावी, मी बाजूला होतो," असं व्हिडिओ कॉलवर म्हणून मी आग्रहाची वाट बघत बसलो. पंचांगाचं हे फुकट ॲप आम्ही स्वयंसेवक फावल्या वेळात चालवतो, सुरुवात माझी.

आग्रह कुणीच केला नाही. पडद्यावर भराभर टाळ्या उमटल्या.

"सर, पुढच्या आवृत्तीत आधी ती ॲप उघडताच वाजणारी सनई काढू," नवी प्रमुख मृण्मयी म्हणाली. "लोक दचकतात."

सनई माझीच कल्पना. "अवश्य!" मी हसून म्हणालो.

नवी आवृत्ती आली. उघडली, तर सगळं चिडीचूप. "आधीचंच बरं होतं" अशा तक्रारी करणाऱ्यांची मी आजवर टिंगलच केली होती. आता खोट्या नावाने तेच लिहून पाठवलं.

लगेच मृण्मयीचं उत्तर आलं: "सवय होईल, सर."