ताठ दोरी

“वाटेत हाताला काहीही लागलं तरी चाचपू नका. फक्त दोरी धरा,” सुदामने गुहेत अडकलेल्या मुलीला बजावलं आणि हवेच्या नळीचा जादा मास्क तिच्या चेहऱ्यावर चढवला.

वटवाघळांचा अभ्यास करायला आलेले तिघं अचानक पाणी भरल्यामुळे आत अडकले होते. बाहेर पडायची वाट पाण्याखाली, अरुंद आणि गढूळ. सुदामचा धाकटा भाऊ भिवा सकाळी कमरेला दोरी बांधून पुढे गेला होता. शेवटच्या वळणावर त्याचा पाय दगडांत अडकला. सुदाम पोचेपर्यंत त्याच्या पाठीवरच्या टाकीतली हवा संपली होती. दोरी मात्र ताठ होती. भिवाला सोडवलं असतं तर ती सैल पडली असती, आणि तिच्याशिवाय त्या गाळात कुणालाच वाट सापडली नसती.

बाहेर दोरीचं दुसरं टोक आप्पांच्या हातात होतं. जन्मभर नदीत बुड्या मारलेला बाप.

“भिवा?” मुलगी बाहेर येताच त्यांनी विचारलं.

“आत थांबलाय. बाकीच्यांना धीर देतोय.”

दुसऱ्या खेपेला त्यांनी विचारलं नाही. फक्त दोरीचा आणखी एक वेढा मनगटाला घेतला.

दुपारी तिसरा माणूस बाहेर आला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सुदाम आप्पांकडे न बघता खाली बसला.

“ठीक असलास तर मधूनमधून दोरीला एक झटका देत जा, हे मीच शिकवलंय त्याला,” आप्पा म्हणाले. “सकाळपासून एकही आला नाही. पण सगळे बाहेर येईपर्यंत हात ढिला केला नाही मी.”

दोरी मनगटात रुतून रक्त आलं होतं.

“जा आता, मोकळा कर त्याला. मी ओढतो.”